पावसाळ्यात विश्रांती, उन्हाळ्यात फळं: ठाणे-नवी मुंबईत घरचं अंजीर

फेब्रुवारी-मार्चमध्ये वाशीच्या फळबाजारात पुरंदरच्या अंजिरांची आवक वाढते आणि त्याच दिवसांत रोपवाटिकांमध्ये अंजिराच्या रोपांनाही गिऱ्हाईक मिळतं. फळ खाल्लं, आवडलं, रोप घरी आलं. मेपर्यंत ते जोमात वाढतं, पंजाएवढी पानं काढतं, दोन-चार हिरवी फळंही धरतं. मग जून येतो. जुलैच्या मध्यापर्यंत पानांवर तांबूस डाग पडतात, ऑगस्टमध्ये निम्मी पानं गळतात आणि गणपतीत कुंडीत नुसत्या काड्या उरतात. बहुतेक घरांत ‘आपल्या हवेत हे येत नाही’ म्हणून याच वेळी झाड उपटलं जातं आणि त्या कुंडीत मोगरा लागतो.

ते झाड मेलेलं नसतं. अंजीर हे पानगळीचं झाड आहे, वर्षातून एकदा त्याला विश्रांती लागतेच. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ती कडक थंडीत होते. आपल्याकडे थंडी नावापुरतीच पडते, म्हणून इथे झाडाची विश्रांती पावसाळ्यात होऊ द्यायची, ऑक्टोबरमध्ये छाटणी करून त्याला जागं करायचं आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घ्यायचं. हे वेळापत्रक एकदा मनावर घेतलं की कुंडी, माती, पाणी, फवारणी या सगळ्याचा हिशेब त्यावरूनच लागतो.

पुरंदरचे शेतकरी अंजिराचे दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, धरतात. पावसाळ्याशी जोडलेला तो खट्टा बहार आणि उन्हाळ्यात पिकणारा तो मीठा बहार. तो तालुका पर्जन्यछायेत आहे. तिथली हवा कोरडी, म्हणून त्यांना निवड करता येते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खट्टा बहार इथे विसरायचा. आपल्याला फक्त मीठा बहार धरायचा आहे.

कोणतं रोप आणायचं

पहिली पसंती ‘पूना अंजीर’. पुरंदर-सासवड पट्ट्यात हाच वाण वर्षानुवर्षं लावला जातो आणि याच पट्ट्यातल्या ‘पुरंदर अंजिरा’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. साल पातळ, रंग जांभळट-तपकिरी, गर गुलाबी. ‘दिनकर’ हा दौलताबादच्या अंजिरातून निवडलेला वाणही चांगला. ‘ब्राउन टर्की’ कुंडीत आटोपशीर राहतो, त्यामुळे बाल्कनीवाल्यांनी तो जरूर पाहावा. ‘डायना’ची फळं मोठी आणि फिकट, पण झाडाला जागा जास्त लागते. मी तो गच्चीसाठीच सुचवेन.

सुक्या अंजिरातल्या बिया पेरून रोपं करू नका. बिया उगवतात, रोपं दिसतातही छान, पण तुर्कस्तानातून येणारं सुकं अंजीर बहुतेक स्मिर्ना गटातलं असतं. त्या गटाला फळ धरण्यासाठी एका विशिष्ट चिमुकल्या गांधीलमाशीकडून परागीभवन व्हावं लागतं. ती माशी आपल्याकडे नाही. शिवाय बियांच्या रोपांत निम्मी रोपं नर निघतात. म्हणजे चार-पाच वर्षं पाणी घालून हाती फक्त पानं. पूना, दिनकर, ब्राउन टर्की या वाणांना परागीभवनाशिवाय फळ धरतं, म्हणूनच ते आपल्या कामाचे. ‘अंजिरात किडा असतो म्हणे’ ही शंका घराघरांत असते, तिचं उत्तरही यातच आहे. या वाणांच्या फळाला त्या माशीची गरजच पडत नाही.

रोप घेताना नुसता हिरवेपणा बघू नका. पान उलटं करून खालची बाजू बघा. पिवळट-तपकिरी भुकटीचे ठिपके असतील तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग आहे, ते रोप सोडा. पिशवीच्या भोकातून मुळं डोकावत असतील तर त्यांच्यावर गाठी आहेत का तेही पाहा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी, आणि अंजीर त्यांना फार लवकर बळी पडतं. रोप कलमाचं आहे हे विचारून घ्या. सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते जानेवारी. मे-जूनमध्ये स्वस्त मिळालं तरी आणू नये, कारण मुळं जमिनीत रुजण्याआधीच पाऊस गाठतो.

ऊन आणि जागा

सहा ते आठ तास थेट ऊन, यात तडजोड नाही. चार तासांत झाड जगतं, पानं काढतं, फळ मात्र धरत नाही किंवा धरलेलं गाळतं. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या अंजिराला फळ का येत नाही, याचं कारण शंभरात नव्वद वेळा हेच असतं.

आपल्या भागात डोंगराचा विचार करावा लागतो. ठाण्यात वर्तकनगर, वसंत विहार, घोडबंदर रोड या पट्ट्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे, म्हणून तिथे संध्याकाळचं ऊन लवकर जातं. तिथे पूर्व-दक्षिणेची बाल्कनी बरी. नवी मुंबईत उलट, पारसिकची रांग पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला. बेलापूरसारख्या डोंगराला टेकलेल्या भागात सकाळचं ऊन उशिरा पोचतं, तिथे दक्षिण-पश्चिम बाजू धरावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि आपलं फळ त्याच काळात वाढतं. म्हणून ऊन मोजायचं ते डिसेंबरचं. मेमधलं ऊन बघून जागा ठरवली तर फसगत होते.

खाडीकाठच्या सोसायट्यांमध्ये खारा वारा असतो. अंजीर थोडा खारटपणा सहन करतं, त्याची फार काळजी नको. कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा पानं पाण्याने धुतली की मीठ आणि रस्त्याची धूळ दोन्ही जातात. हे काम सकाळी करा, म्हणजे पानं लगेच सुकतात.

गच्चीवर मोठी कुंडी ठेवणार असाल तर आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि वॉटरप्रूफिंग कधी झालंय ते विचारा. शंभर लिटरची ओली कुंडी सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत जाते. ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता कॉलम-बीमच्या जवळ ठेवावी. कठड्यावर कधीही नको.

कुंडी, माती आणि निचरा

थेट मोठ्या ड्रममध्ये लहान रोप लावण्याचा मोह आवरा. छोट्या मुळांभोवती खूप माती असली की ती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. पहिलं वर्ष १२ इंची कुंडी, दुसऱ्या ऑक्टोबरात १८ ते २० इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग, आणि गच्ची असेल तर तिसऱ्या वर्षी अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम. कुंडीच्या बुडाला तर भोकं हवीतच, शिवाय बुडापासून दोन बोटं वर चारही बाजूंना हवीत. बुडाची भोकं पावसात मातीने तुंबतात, बाजूची उघडी राहतात.

मातीचं माप घमेल्यात सांगतो: दोन घमेली लाल माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा चुरा. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, जी सूत्रकृमींना आळा घालते, आणि मूठभर चुनखडीची पूड. आपली कोकणातली लाल माती जांभ्यापासून झालेली, आम्लधर्मी. अंजिराला चुना मानवतो, म्हणून ही मूठ टाळू नका. कोकोपीटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पुण्यात ठीक, इथे अंजिराला नको. जुलैमध्ये ते आठवडा-आठवडा सुकत नाही.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, वाशी-नेरुळची रो हाउसेस, ठाण्यातले जुने बंगले अशा अंगणवाल्या घरांत झाड जमिनीत लावता येतं. देशावर दोन फूट खोल खड्डा घेऊन लावतात. इथे तसं केलं तर पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते. नवी मुंबईतली बरीच जमीन भराव टाकून केलेली, मुरूम दाबलेला, खाली पाणी जवळ. म्हणून खड्डा न घेता दीड फूट उंच आणि चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा. भिंत, ड्रेनेजची पाइपलाइन आणि पाण्याची भूमिगत टाकी यांच्यापासून दहा-बारा फूट लांब. अंजीर हे वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं आहे, पाण्याचा माग काढत जाण्याची त्याच्या मुळांना सवय असते.

जून ते सप्टेंबर: हात आवरण्याचे महिने

मेच्या शेवटच्या आठवड्यात झाडावर राहिलेली सगळी छोटी हिरवी फळं तोडून टाका. जीवावर येतं, पण पावसात ती फुगतात, आत पाणचट आंबूस होतात, तोंडातून मुंग्या शिरतात आणि झाडाची ताकद फुकट जाते.

त्याच आठवड्यात कुंडीखालची ताटली काढा आणि कुंडी तीन-चार विटांवर उचलून ठेवा. छज्जाखाली सरकवता आली तर उत्तम. वरून मारा चुकला तरी उजेड मिळाला पाहिजे. जूननंतर खत पूर्ण बंद. पावसात खत दिलं की लुसलुशीत पालवी येते आणि तांबेऱ्याला तीच हवी असते.

तांबेरा ही आपल्याकडची अंजिराची सर्वांत मोठी अडचण. ही बुरशी आहे. आधी पानाच्या वरच्या बाजूला शिरांनी अडवलेले छोटे कोनदार पिवळे डाग दिसतात. पान उलटलं की त्याच जागी बारीक फोड असतात. त्यावरून बोट फिरवलं तर बोटाला विटकरी भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे बीजाणू, वाऱ्यापावसाबरोबर शेजारच्या पानावर जाणारे. एकदा ती दिसली की त्या पानाला वाचवणं नाही. वाचवायचं असतं ते पुढचं पान.

त्यासाठी एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, घरी करता येतं. कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणि कळीचा चुना आणा. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा. खडे असतील तर आदल्या रात्री भिजत घाला. १० ग्रॅम चुना दुसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात फोडून अर्धा लिटर करा आणि गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत लाकडी काडीने ढवळा. आकाशी रंगाचं दाट पाणी तयार होतं. आता ती महत्त्वाची तपासणी: लोखंडी सुरी किंवा जुनं ब्लेड त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांब्यासारखा लाल थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, पानं करपतील, चमचाभर चुन्याची निवळी आणखी घाला आणि पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. मिश्रण त्याच दिवशी संपवा, धातूच्या भांड्यात ठेवू नका, माशांची टाकी जवळ असेल तर झाकून घ्या. फवारणी पानांच्या खालच्या बाजूला पोचली पाहिजे.

अशा दोन फवारण्या पुरतात: पहिली जूनच्या सुरुवातीला पाऊस लागण्याआधी, दुसरी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर उघड्या फांद्यांवर. मधल्या काळात चांगली उघडीप मिळाली तर एखादी. फळं वाढू लागली की बोर्डो नको.

याहूनही उपयोगी काम म्हणजे गळलेली पानं रोज उचलणं. ती कुंडीत कुजू देऊ नका, घरच्या कंपोस्टमध्येही टाकू नका, सरळ ओल्या कचऱ्यात द्या. एवढं करूनही ऑगस्टमध्ये झाड बोडकं झालं तर होऊ द्या. नखाने साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं म्हणजे झाड विश्रांती घेतंय.

खोडाच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर मात्र त्याच दिवशी लक्ष घाला, तो खोडकिडा आहे. भोक शोधून बारीक तार आत घालून अळी मारा, रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत कोंबा आणि वरून चिखलाने लिंपा. पिठ्या ढेकूण दिसला तर जुन्या टूथब्रशला साबणाचं पाणी लावून घासून काढा. कुंडीतल्या झाडाला औषध मारण्यापेक्षा हे जलद होतं.

ऑक्टोबरची छाटणी

सगळ्या वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. नवरात्र ते दिवाळी या काळात, पाऊस खरोखर माघारी गेल्यावर, ऑक्टोबर हीट सुरू झाली की करायचं.

आधी ताण द्यायचा. आठ-दहा दिवस पाणी कमी करा. कुंडीत पूर्ण बंद करू नका, जमिनीतल्या झाडाला बंद केलं तरी चालतं. राहिलेली पानं हाताने काढा.

मग कात्री. पाती स्पिरिटने पुसून घ्या. हातात रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. अंजिराचा पांढरा चीक त्वचेला लागून त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि डाग कित्येक आठवडे राहतात. म्हणून छाटणी संध्याकाळी करावी, लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवावं, चीक लागलाच तर साबणाने लगेच धुवावं.

नवं रोप असेल तर पहिल्या ऑक्टोबरात मुख्य खोड गुडघाभर उंचीवर कापा. खालून तीन-चार फांद्या चहूबाजूंना फुटू द्या, बाकीचे फुटवे खुडून टाका. मोठ्या झाडाची त्या वर्षी वाढलेली प्रत्येक फांदी तीन-चार डोळे (फुटवा येण्याच्या जागा) ठेवून कापा. आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, पेन्सिलपेक्षा बारीक फांद्या मुळापासून काढा. जमिनीतून आलेले फुटवेही काढा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, तिरका. पूना अंजीर नव्या फुटव्यावर फळ देतं, म्हणून इतकी कडक छाटणी मानवते. हात आखडता घेतला तर झाड उंच जातं आणि फळं फक्त शेंड्याला लागतात. जाड कापांवर बोर्डोची घट्ट पेस्ट लावा.

लगेच कुंडीतली वरची तीन इंच माती, मुळं न दुखावता, खरवडून काढा. तिच्या जागी गांडूळखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर चुनखडी घाला. दर दोन वर्षांनी याच वेळी झाड कुंडीबाहेर काढून कडेची गोल फिरलेली मुळं चौथाई कापा आणि नव्या मातीत बसवा. मग भरपूर पाणी देऊन ताण तोडा. पंधरवड्यात डोळे फुगू लागतात.

नवा फुटवा बोटभर झाला की पानाच्या बगलेत नीट बघा. तिथे दोन प्रकारचे डोळे दिसतात. टोकदार असतो तो फांदीचा, गोल आणि जरा चपटा असतो तो फळाचा. फूल म्हणून वेगळं काही येत नाही, कारण अंजिराची फुलं त्या गोल डोळ्याच्या आतच असतात. फुटव्यावर सहा-सात पानं झाली की शेंडा नखाने खुडा. वाढ थांबते आणि ताकद त्या गोल डोळ्यांकडे वळते. शेंडा खुडण्याचा फरक महिन्याभरात नजरेला पडतो, म्हणून हे काम मी आळस न करता दर रविवारी करतो.

छाटलेल्या काड्यांची रोपं

छाटलेल्या फांद्या टाकू नका.  ज्या वाणाला बिनपरागाचं फळ धरतं, तो वाढवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे काडी लावणं.

अंगठ्यापेक्षा बारीक आणि पेन्सिलपेक्षा जाड, आठ-नऊ इंच लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि सरळ, वरचा तिरका. म्हणजे वर-खाली चुकत नाही. चीक धुऊन काड्या सावलीत काही तास सुकू द्या. दोन लिटरची पारदर्शक बाटली मधून कापा, बुडाला भोकं पाडा, ओलसर जाड वाळू भरा आणि दोन डोळे आत जातील इतकी काडी खोचा. वरून पिशवीने झाका आणि उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवा.

यात लोक एका गोष्टीला फसतात. दोन-तीन आठवड्यांत वरच्या डोळ्याला पान फुटतं, आनंद होतो, काडी कुंडीत हलवली जाते आणि पान माना टाकतं. पहिली पानं काडीतल्या साठ्यावर फुटतात, मुळं तोवर आलेली नसतात. बाटली पारदर्शक घेतली ती एवढ्यासाठीच: बाजूने पांढरी मुळं दिसल्याशिवाय काडी हलवायची नाही. साधारण सहा आठवडे लागतात. रोज पाणी घालायचं नाही, वाळू चिमटीत ओलसर लागली की पुरे.

पावसाळ्यात गुटी कलमही जमतं. इंचभर साल गोल काढून ओलं शेवाळ बांधायचं आणि वरून प्लास्टिक. पण घरासाठी काडीच सोपी.

फळ धरल्यावर

फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत साधारण तीन-साडेतीन महिने जातात. या काळात फळ एका चालीने वाढत नाही. सुरुवातीला भराभर फुगतं, मग कित्येक आठवडे तसंच राहतं, हिरवं, टणक, ढिम्म. साधारण जानेवारीत ही वेळ येते आणि लोक घाबरून खत ओततात. खत ओतू नका. फळाच्या आत बी-गराची घडण चालू असते. शेवटच्या आठवड्यात ते बघता बघता मोठं होतं, रंग बदलतं.

पाणी मात्र सांभाळावं लागतं. वरची दोन बोटं माती सुकली की कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की रोज, ग्रो बॅगला एखाद्या दिवशी दोनदाही. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं झालं की पिकायला आलेलं फळ चिरतं, लहान फळ गळतं. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना नीट समजावून जा. वाळलेल्या पानांचं तीन इंच आच्छादन मातीवर टाकलं तर ओल टिकते, फक्त ती पानं अंजिराची नकोत.

खत म्हणून दर तीन आठवड्यांनी शेणखत भिजवलेलं पातळ पाणी पुरतं. युरिया नको, झाड पानांत जातं. फळं लिंबाएवढी झाल्यावर चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश मातीत मिसळून पाणी दिलं तर गोडी वाढायला मदत होते.

पिकायला लागलेल्या फळावर बुलबुल, तांबट, कोकिळा, खार आणि रात्री वटवाघूळ या सगळ्यांचा डोळा असतो. प्रत्येक फळाला जाळीच्या कापडाची छोटी पिशवी बांधा किंवा जुन्या मलमलच्या चौकोनाची पोटली करा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरून फळ सडतं. येऊरच्या बाजूला माकडं येतात. त्यांच्यापुढे पिशवीचं काही चालत नाही, तिथे बाल्कनीला जाळी असेल तरच फळ हाती लागतं.

तोडणी

अंजीर कच्चं तोडलं की घरी पिकत नाही, मऊ पडतं पण गोड होत नाही. म्हणून घाई नको. पिकलेल्या फळाची लक्षणं अशी: आधी ताठ उभं असलेलं फळ देठाशी वाकून मान टाकतं. सालीवर उभ्या बारीक पांढरट रेघा पडतात. हलक्या बोटाने दाबलं तर गालासारखं दबतं. खालच्या तोंडाशी कधी कधी मधासारखा थेंब जमतो. तो थेंब दिसला की त्याच सकाळी तोडा, दुपारपर्यंत मुंग्या पोचतात. देठासकट तोडा, आणि देठातून पांढरा चीक वाहिला तर समजा एक दिवस आधी तोडलंत.

तोंडाला तेलाचा थेंब लावून फळ लवकर पिकवायची भूमध्य प्रदेशातली फार जुनी रीत आहे. रंग बदलायच्या बेतात आलेल्या फळाला काडीने खाद्यतेलाचा एक थेंब लावला तर ते काही दिवस लवकर पिकतं. मार्चच्या शेवटी पाहुणे येणार असतील तेव्हा हे उपयोगी, एरवी झाडाच्या कलाने जाऊ द्यावं.

कुंडीतल्या झाडावर सगळी फळं एकदम पिकत नाहीत. रोज सकाळी दोन-चार, असं दीड-दोन महिने चालतं. ताजं फळ फ्रिजमध्ये, एका थरात, दोन-तीन दिवसच टिकतं.

स्वयंपाकघरात

पिकलेलं अंजीर उभं चिरून तसंच खावं, हेच पहिलं आणि उत्तम. मिल्कशेक करायचा तर पूर्ण पिकलेलंच घ्या आणि लगेच प्या. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दूध फाडतं. जुन्या काळी चीज करायला हाच चीक वापरत. शिक्रणासाठीही तेच: वाढायच्या वेळी फळ कुस्करा.

रोजची दोन-चार फळं धुऊन, देठ काढून फ्रीझरमध्ये जमवत जा. किलोभर झाली की मुरांबा करा. एक किलो अंजिराला सहाशे ग्रॅम साखर आणि दोन मोठ्या लिंबांचा रस. अंजिरात आंबटपणा कमी असतो. लिंबाशिवाय मुरांबा मिळून येत नाही आणि टिकतही नाही, म्हणून रस कमी करू नका. फळांच्या फोडी साखरेत रात्रभर मुरवा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा, फोडी पारदर्शक दिसू लागल्या की लिंबाचा रस घाला. थंड ताटलीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. दोन्ही बाजू परत मिळाल्या नाहीत की झालं. गॅस बंद केल्यावर वेलदोड्यापेक्षा किसलेलं आलं घालून बघा, ती चव पोळीबरोबर फार छान लागते. उकळवलेल्या कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

सुकवायचं असेल तर गच्चीवरच्या उन्हावर विसंबू नका. मार्चमध्येही खाडीकडची दमट हवा रात्री फळाला पुन्हा ओल देते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. फळं अर्धी करून, कापलेली बाजू वर ठेवून, ६० अंशांवर ओव्हनमध्ये, दार जरासं उघडं ठेवून सुकवा. ड्रायर असेल तर त्याहून बरं. दाबल्यावर रस निघता कामा नये, पण चामड्यासारखं वाकलं पाहिजे. पूना अंजिराचं सुकं फळ काळपट आणि लहान होतं, बाजारातल्या अफगाणी माळेसारखं दिसणार नाही. चवीला मात्र सरस.

पानंही वाया घालवू नका. अंजिराच्या पानाला शिजताना ओल्या नारळासारखा वास येतो. डागविरहित, बोर्डो न मारलेली, फेब्रुवारी-मार्चमधली कोवळी पण पूर्ण उघडलेली पानं तोडून देठाचा चीक धुऊन टाका आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. केळीच्या पानात करतो तशी पानगी यात करता येते. तांदळाच्या पिठात गूळ-खोबरं घालून पातळसर थापायचं, वर दुसरं पान झाकायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. मसाला लावलेली पापलेटची तुकडी गुंडाळून वाफवली तरी तोच वास माशात उतरतो. खाताना पान काढून टाका, ते खायचं नसतं.